निकालाची नक्कल

मंडळी, मागचे दोन वीकांत काहीच लिहिलं नाही, कारण मी गावी होतो. गाव म्हणजे करकंब, तालुका पंढरपूर, जिल्हा सोलापूर. टेंभुर्णीहून पंढरपूरला जाताना लागतं. पुण्यातल्या मित्रांना गावाचं नाव सांगितलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "कुठं आलं हे?" आणि दुसरी, "अरे, ते बाजार आमटीवालं?" हो, तेच. सगळ्या डाळी एकत्र शिजवून केलेली, डोळ्यांतून पाणी काढणारी आमटी, आणि त्यात कुस्करलेली भाकरी. त्यावर एक वेगळी पोस्ट कधीतरी लिहीन.

यावेळी आमटीपेक्षा ट्रंक महत्त्वाची ठरली. वाड्याच्या माळवदाला गळती लागलीये, म्हणून मागच्या खोलीतलं सामान हलवायचं होतं. त्यात आजीची पत्र्याची ट्रंक निघाली. आत सातबाऱ्याचे जुने उतारे, दोन-तीन पत्रिका, कसल्याशा पावत्या, आणि एका मेणकापडात गुंडाळलेले अकरा कागद. कार्बन लावून टाईप केलेले, इंग्रजीत, पिवळे पडलेले. वडील म्हणाले, "ती अण्णांची नक्कल आहे. फाटंल, नीट धर."

ज्यांचा कोर्टाशी संबंध आला नाही (देव करो न येवो) त्यांच्यासाठी सांगतो. कोर्टातून निकालाची किंवा दुसऱ्या कुठल्या कागदाची शिक्का मारलेली खरी प्रत मिळते, तिला आपल्याकडे नक्कल म्हणतात. मला लहानपणी नक्कल म्हणजे गॅदरिंगला पोरं मास्तरांची करतात ती, एवढंच माहीत होतं. त्यामुळे 'अण्णांची नक्कल आजीच्या ट्रंकेत आहे' हे वाक्य मला बरीच वर्षं कळत नव्हतं.

अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. १९६८ साली बांधावरून मारामारी झाली आणि समोरच्याचा हात मोडला. मॅजिस्ट्रेटने अण्णांना दोन वर्षांची सजा दिली. अण्णांनी मारलंच नाही असं मी म्हणत नाही. घरात याबद्दल तीन जण तीन गोष्टी सांगतात, आणि मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. अपील करायचं ठरलं होतं, वकिलाने नक्कल मागितलीही होती, आणि ती वेळेत आली नाही. अण्णा दोन वर्षं भोगून बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपड्यांच्या गाठोड्यात ही नक्कल होती. ती तुरुंगात कधी पोचली, कुणाच्या टेबलावर पडून राहिली, काही पत्ता नाही. पुढे सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहा म्हणून कुणी आग्रह केला की अण्णा म्हणायचे, "माझ्या नावावर सजा हाय बाबा." विषय तिथंच संपायचा.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, वकील नाही. पण ते अकरा कागद पुण्याला आणले, वाचले आणि मग नेहमीप्रमाणे खोदकाम सुरू झालं. आरोपीला अपिलात काय हक्क असतात, ते त्याला कुणी दिले, कधी दिले? मला वाटायचं हे सगळं घटनेत आणि कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं असणार. लिहिलेलं आहेही. पण ते लिहिलेलं प्रत्यक्षात चालायला लागलं ते वरच्या कोर्टांच्या निकालांमुळे. आणि गंमत (गंमत हा शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) अशी की ज्या माणसाच्या अपिलातून नियम निघाला, त्याला स्वतःला बहुतेक वेळा त्याचा काही उपयोग झाला नाही. बग रिपोर्ट करणाऱ्याचं तिकीट बंद, आणि फिक्स मात्र पुढच्या रिलीजमध्ये सगळ्यांना!

आता सोलापूर जिल्ह्यातला माणूस अपील आणि फाशी हे शब्द ऐकून आधी कुठे जाणार? चार पुतळ्यांपाशी. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली गेली, पोलीस मारले गेले. पुढचे तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचं राज्य नव्हतंच म्हणा. मग १२ मेपासून मार्शल लॉ. पोलिसांच्या खुनाचा खटला उभा राहिला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी सुनावली गेली. हायकोर्टाने ती कायम केली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फासावर दिलं.

तारखा पुन्हा बघा. घटना मे महिन्यात आणि फाशी पुढच्या जानेवारीत. तपास, खटला, अपील, दयेचे अर्ज, सगळं आठ महिन्यांत उरकलं. हायकोर्टाच्या वर म्हणजे लंडनला प्रिव्ही कौन्सिल. ते फौजदारी प्रकरणात सहसा हातच घालत नसे, अगदी ढळढळीत अन्याय दाखवता आला तरच ऐकणार. लाहोरला भगतसिंगांच्या खटल्यात तर सरकारने त्याच वर्षी वटहुकूम काढून खास न्यायाधिकरण नेमलं आणि हायकोर्टात अपिलाची वाटच बंद करून टाकली. म्हणजे अपील ही सरकारने द्यायची सवलत होती. द्यावी वाटली तर दिली, नाहीतर नाही.

स्वातंत्र्य मिळालं, घटना आली. कलम २२ मध्ये आपल्या पसंतीचा वकील करण्याचा हक्क आला. आता वकील करायचा म्हणजे पैसे पाहिजेत, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. १९५१ च्या तारा सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकील हवा असेल तर तो मागणं हे आरोपीचं काम. ते लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस आपल्या नागपूरच्या हायकोर्टाचे पूर्वीचे मुख्य न्यायाधीश, आणि आरोपीच्या बाजूने विचार करणारे म्हणून त्यांची ख्याती. तरी कायदा तिथेच थांबला. मागितलंस तर बघू. ज्याला मागता येतं हेच माहीत नाही, तो काय मागणार?

नकलेचंही तसंच. आपल्याकडे तिचा नियम नव्हता असं नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही आरोपीने अर्ज केला तर निकालाची प्रत विनाविलंब द्यावी असं होतं. तुरुंगातून तुरुंग अधिकाऱ्याच्या हस्ते अपील पाठवायची सोयसुद्धा होती. डॉक्युमेंटेशन एकदम चोख. फक्त चालवून बघितलं की काहीच होत नाही. आपल्यातल्या ज्यांनी सरकारी वेबसाईटवर कधी फॉर्म भरलाय त्यांना जास्त सांगायला नको.

आणि आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली तो खटला. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८.

हा होसकोट काही गरीब बिचारा माणूस नव्हे. एम.एस्सी., पीएच.डी., सौराष्ट्र विद्यापीठात रीडर! आरोप काय, तर मुंबईत ब्लॉक बनवणाऱ्याकडे जाऊन धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या नावाचा शिक्का बनवायला टाकला. सोबत कुलगुरूंच्या कार्यालयाचं म्हणून बनावट पत्र. म्हणजे खोट्या पदव्या छापायची तयारी. दुकानदाराला संशय आला आणि भांडं फुटलं. सेशन कोर्टाने त्याचं शिक्षण वगैरे बघून शिक्षा दिली 'कोर्ट उठेपर्यंत' कैद आणि थोडा दंड. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचं आणि घरी जायचं. सरकार हायकोर्टात गेलं. हायकोर्ट म्हणालं हा काय पोरखेळ आहे, आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये शिक्षा वाढवून तीन वर्षं केली. (इथे मी हायकोर्टाच्या बाजूने आहे, सांगून टाकतो.)

याविरुद्ध होसकोट सुप्रीम कोर्टात आला तो चार वर्षांहून जास्त उशिराने. तोपर्यंत तीन वर्षं भोगूनही झाली होती. एवढा उशीर का? तर म्हणे १९७३ साली मागितलेली हायकोर्टाच्या निकालाची नक्कल त्याच्या हातात पडली १९७८ साली.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. अण्णा, गाठोडं, सगळं डोळ्यांसमोर आलं.

सुप्रीम कोर्टाने चौकशी केली. हायकोर्टाने प्रत येरवडा तुरुंगाकडे वेळेत पाठवली होती. तुरुंगाचं म्हणणं, आमच्या क्लार्कने ती कैद्याला दिली, मग राज्यपालांकडे करायच्या दयेच्या अर्जाला जोडायची म्हणून परत घेतली. कैद्याचं म्हणणं, मला कधी दिलीच नाही. आणि दिल्याची सही? नाही. पोच? नाही. ऑफिसात आम्ही म्हणतो ना, लॉगमध्ये नाही म्हणजे झालंच नाही. इथे लॉगच नव्हता.

निकाल न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी लिहिला. त्यांची इंग्रजी ज्यांनी वाचलीये त्यांना माहीत आहे, एकेका वाक्यापाशी डिक्शनरी घेऊन बसावं लागतं. पण या निकालात जिथे नियम घालून दिलेत तिथली भाषा एकदम सरळ आहे. कैदेची शिक्षा सुनावली की निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यायची. ती तुरुंगामार्फत जाणार असेल तर अधिकाऱ्याने ती ताबडतोब कैद्याला पोचती करायची आणि त्याची लेखी पोच घ्यायची. कैद्याला अपील करायचं असेल तर तुरुंगाने त्यासाठी लागणारी सगळी सोय करायची. गरिबीमुळे किंवा बाहेरच्या जगाशी संबंध तुटल्यामुळे त्याला वकील करता येत नसेल, तर प्रकरणाचं गांभीर्य बघून कोर्टाने चांगला वकील द्यायचा आणि पैसे सरकारने भरायचे.

यामागचा युक्तिवाद असा: घटनेचं कलम २१ म्हणतं की कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचं स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही. त्याच वर्षी जानेवारीत मनेका गांधी खटल्यात कोर्टाने सांगितलं होतं की ही पद्धत न्याय्य आणि वाजवी पाहिजे, कशीही असून चालणार नाही. मग माणसाला वर्षानुवर्षं आत टाकणार असाल तर निदान एकदा तरी वरच्या कोर्टाने त्याच्या प्रकरणाकडे पुन्हा बघायला हवं, त्याशिवाय ती पद्धत वाजवी कशी? आणि अपील करायचं तर निकाल हातात हवा, तो समजावून सांगणारा माणूस हवा. नाहीतर अपिलाचा हक्क नुसता कागदावर, आणि तो कागदसुद्धा दुसऱ्याच्या टेबलावर! १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आणलं होतं, गरिबांना मोफत कायदेशीर मदत द्यावी म्हणणारं. ती दुरुस्ती आणीबाणीतली, तिला लोकांनी (रास्तपणेच) भरपूर शिव्या घातल्या, पण हे एक कलम त्यातून कामाचं निघालं.

होसकोटचं काय झालं? त्याचा अर्ज फेटाळला. खोटा शिक्का बनवायला गेला होतास, शिक्षा बरोबरच आहे, जा.

पुढचं भराभर सांगतो. भागलपूरला पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडले, त्या प्रकरणात कोर्टाने सांगितलं की मोफत वकिलाचा हक्क खटल्यापासून नाही, मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्यांदा उभं करतात तेव्हापासून सुरू होतो. १९८६ मध्ये सुक दास नावाच्या अरुणाचलातल्या माणसाची शिक्षा रद्द झाली, कारण वकील मिळू शकतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. १९५१ चं 'मागितलंस तर बघू' इथे उलटं झालं. मागितलं नाही म्हणून हक्क जात नाही. यात सुक दासचा फायदा झाला, तेव्हा माझा वरचा नियम सरसकट खरा नाही हे मान्य.

पण कसाबच्या वेळी तो पुन्हा खरा ठरला. २६/११ नंतर मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेने त्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असा ठराव केला होता. तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये मीही त्याच मताचा होतो, लपवत नाही. 'कशाला खटला, कशाला वकील?' दोन वर्षांनी दुसऱ्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने असले ठराव बेकायदा ठरवले. आणि २९ ऑगस्ट २०१२ ला कसाबची फाशी कायम करताना कोर्टाने त्याच निकालात देशातल्या सगळ्या मॅजिस्ट्रेटना बजावलं: आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क आहे हे तुम्ही स्वतःहून सांगायचं, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने द्यायचा, आणि यात कसूर केली तर तुमच्यावर खात्यामार्फत कारवाई होईल. कसाबने सुरुवातीला भारतीय वकील नको म्हणून स्वतःच नकार दिला होता, त्यामुळे त्याचा हा मुद्दा टिकला नाही. २१ नोव्हेंबर २०१२ ला त्याला फाशी दिली. तीही येरवड्यातच. आज करकंबमध्ये एखाद्या पोराला रात्री पोलिसांनी उचललं आणि दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटने 'वकील आहे का? नसेल तर देतो' असं विचारलं, तर त्या प्रश्नामागे कसाबचाही निकाल आहे. हे पचायला जड जातं. मला तरी गेलं.

एवढं सगळं असूनही काय होऊ शकतं, ते जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या खटल्यात दिसलं. जून २००३ मध्ये शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर हल्ला झाला, पाच जणांचा खून. भयंकर गुन्हा. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप. ३० एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने जन्मठेपवाल्या तिघांनाही फाशी दिली. म्हणजे अपिलात वर जावं तशी शिक्षा वाढली! बरोबर तेरा दिवसांनी सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या खंडपीठाने पुण्याच्या एका खून खटल्यात सांगितलं की फाशी देताना नुसता गुन्हा बघायचा नसतो, गुन्हेगारही बघायचा असतो. आणि ज्या जुन्या निकालात हे पाळलेलं नाही त्यावर विसंबून दिलेले निकाल चुकीच्या पायावर उभे आहेत. भोकरदनचा निकालही त्याच जुन्या निकालावर विसंबलेला होता. तरीही या सहा जणांच्या कागदावरची फाशी हलायला पुढे जवळजवळ दहा वर्षं लागली. मधल्या काळात हेही सिद्ध झालं की त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

शेवटी कोर्टाने आपलाच निकाल मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकलं, आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. का? तर घटनेनंतर दोनच दिवसांनी वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते, आणि तो कागद पहिल्यापासून होता. त्या चौघांचा तपास झालाच नाही. त्याऐवजी हे सहा आत गेले, गरीब, भटके, मागे कुणी नाही असे. कोर्टाने हेही निकालात नमूद केलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षांचे पाच लाख. महिन्याचा हिशोब मी मनात केला, तुम्हीही करा.

आमच्या सोलापुरात इंग्रजांच्या काळात तारेच्या कुंपणाआड 'सेटलमेंट' होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यासारख्या कायद्यांनी अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवून आत ठेवल्या जायच्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. आजी मात्र शेवटपर्यंत पाल उतरलं की अंगणातली भांडी आत घ्यायची. आजी प्रेमळच होती, तिच्याकडे सत्ता नव्हती एवढंच.

असो. तर अण्णांचे अकरा कागद. मी ते नीट वाचले. मारामारी दिवेलागणीच्या वेळची, आणि ज्याच्या साक्षीवर सगळी भिस्त तो साक्षीदार दोनशे पावलं लांब होता, असं त्याच निकालात लिहिलंय. वकील मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणाली, "अपिलात टिकलं असतं की नाही सांगता येत नाही, पण वाद घालायला जागा होती." मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. अपिलाची मुदत होती तीस दिवस, पण नक्कल मिळवायला लागणारे दिवस कायदा त्यातून वगळतो. आणि त्यापुढचा उशीरही योग्य कारण दाखवलं तर माफ होऊ शकतो. सजा भोगून झाली तरी अपील करता येतं. म्हणजे गाठोडं घेऊन घरी आलेल्या अण्णांना तेव्हाही वकिलाकडे जाता आलं असतं. पण घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, वकिलाला द्यायला पैसे उरले नव्हते, आणि सगळ्यांच्या मते मुदत केव्हाच संपली होती.

तेव्हा सेशनच्या वर जायचं तर करकंबहून मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, आता सोलापूरची अपिलं तिकडे जातात. नवीन प्रक्रिया संहिता जुलै २०२४ पासून आली, त्यातही शिक्षा झाल्याबरोबर निकालाची प्रत मोफत द्यायचं कलम आहेच. वडिलांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटचं पान उलटं करून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. नकलेच्या शेवटच्या पानामागे कोर्टाचा रबरी शिक्का असतो, त्यात रकाने असतात. नक्कल मागितल्याची तारीख, निकालानंतर नऊ दिवस. नक्कल तयार झाल्याची तारीख, त्यानंतर सव्वीस दिवस. दोन्ही निळ्या शाईत, कुणीतरी सुरेख अक्षरात भरलेल्या. त्याखाली नक्कल दिल्याची तारीख आणि घेणाऱ्याची सही.

तो रकाना कोरा आहे.